मुक्काम काशी, पत्ता इस्तंबूल

ज्याने काशी सोडायची नाही असं एकदा ठरवलं, त्याला त्रैलोक्यात आणखी कुठेही जाण्याची इच्छा उरत नाही. हे वाक्य मी माझ्या सत्काराच्या भाषणासाठी लिहिलं होतं. ते सुरुवातीलाच म्हणायचं, मग थोडं थांबायचं, टाळ्या पडू द्यायच्या आणि पाण्याचा एक घोट घ्यायचा, इथपर्यंत सगळं ठरलं होतं. परवा भाषणाचा कागद शोधायला गेलो तेव्हा तो सापडला. त्याच्या पाठीमागे माझ्याच अक्षरात इस्तंबूलचा पिनकोड लिहिलेला होता.

सत्कार क्षेत्रसंन्यासाचा. क्षेत्रसंन्यास म्हणजे भगवी वस्त्रं नव्हेत. घर, बायको, पेन्शन, चार वाजताचा चहा सगळं तसंच राहतं. फक्त मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात तो घेतला, आणि या कार्तिकात त्याला एक तप, म्हणजे बारा वर्षं पुरी होत होती. त्याआधी पस्तीस वर्षं मी कँट स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीत बसून कुठली गाडी कुठे जाते ते लोकांना सांगत होतो. माझ्या वैराग्याचा उगम तिथे असावा असं लोकांना वाटतं. खरा उगम पुण्याकडचे आणि नागपूरकडचे नातेवाईक हा आहे. क्षेत्रसंन्यास घेतल्यापासून मी एकोणतीस लग्नं, चौदा मुंजी आणि एक साठीशांत चुकवली आहे, आणि दर वेळी आमंत्रण करणाऱ्याने फोनवरून मला नमस्कार केला आहे. माझ्या बायकोने, इंदूने, संन्यास घेतलेला नाही. ती सगळीकडे जाते, जेवते आणि परत येऊन पानात काय काय होतं ते मला सांगते.

अशा माणसाला ब्रह्मा घाटावर मान असतो. आमच्या मंडळाचे अध्यक्ष विष्णुशास्त्री टेंबे समोरच्याच घरात राहतात. त्यांचा क्षेत्रसंन्यास एकोणीस वर्षांचा, त्यामुळे मी अजून रांगतो आहे असं त्यांचं मत आहे, आणि मतं लपवून ठेवण्याची त्यांना सवय नाही. तरीही अमृतराव घाटावर मांडव घालून मला शाल आणि श्रीफळ देण्याचा ठराव त्यांनीच मांडला होता. दोघांत मिळून आमची एकच अडचण आहे. गच्चीवर उभं राहिलं की नदीपलीकडची वाळू दिसते. वर रामनगर. तिथे मरण आलं तर पुढचा जन्म गाढवाचा, अशी इकडची समजूत आहे. रामनगरकरांना ती पटत नाही, आणि ते साहजिक आहे. पण बारा वर्षं रोज पलीकडचा काठ पाहायचा आणि तिथे पाय ठेवायचा नाही, हे सत्काराच्या भाषणात छान वाटतं. गच्चीवर इतकं छान वाटत नाही.

दसऱ्याला आमची नात अंतरा पुण्याहून आली. तिने स्वतःला गेमचं नवं यंत्र घेतलं होतं, म्हणून जुनं आमच्या टीव्हीला जोडून दिलं. "आजोबा, तुम्हाला टाइमपास," म्हणाली. त्यात मालट्रक चालवायचा एक खेळ होता. नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आम्ही घरात त्याला नुसतं 'ट्रक' म्हणतो. यंत्रातल्या ऑनलाइन दुकानाने तो तासभर फुकट चालवायला दिला होता. अंतराने माझ्या हातात ते दोन मुठींचं यंत्र दिलं, वेग कसा द्यायचा, वळायचं कसं, भोंगा कुठला ते दाखवलं आणि ती मैत्रिणीशी बोलायला आत गेली.

मी ट्रक घेऊन एका गावाबाहेर पडलो. शेतं गेली, एक पेट्रोल पंप गेला, आणि समोर पूल आला. पुलाच्या मध्यावर मी गाडी थांबवली. मागून भोंगे सुरू झाले. खाली नदी होती. ती खोटी होती हे मला कळत होतं. पण मी पुढे गेलो, आणि पलीकडचा काठ आला. पस्तीस वर्षं खिडकीत आणि बारा वर्षं हद्दीत काढलेल्या माणसाला पलीकडचा काठ आला की काय होतं, ते सांगता येत नाही. इंदूने हाक मारली, "अहो, जेवायला येताय ना?" तेव्हा मी, "पोचलो की येतो," असं उत्तर दिलं.

तास संपला. पडद्यावर पाटी आली: हा खेळ विकत घ्या, तीन हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये.

आता, पहिली सांगितलेली किंमत देणं ही काशीत नामुष्की समजली जाते. इथे नावाडी पाचशे म्हणतो आणि आपण हसून पुढे चालू लागतो. तो ओरडून बोलावतो. मग खरं बोलणं सुरू होतं. टीव्हीसमोरून मी दोनदा हसून पुढे चालू लागलो. टीव्हीने बोलावलं नाही.

म्हणून मी केयूरकडे गेलो. केयूर सहस्रबुद्धे हा आमच्याच घाटावरचा, तिशीतला गृहस्थ. चौखंब्याच्या गल्लीत त्याचं दुकान आहे: मोबाईल दुरुस्ती, रिचार्ज, आधार कार्डातली दुरुस्ती आणि सत्यनारायणाचं साहित्य.

"काका, इंडिया का रेट देखना ही नहीं," तो म्हणाला. "तुर्कीच्या स्टोअरमध्ये हाच गेम तेराशेला पडतो. माल तोच. फक्त अकाउंटमध्ये कंट्री बदलायची."

"अरे, मी काशीची हद्द ओलांडू शकत नाही, आणि तू मला तुर्कस्तानात पाठवतोस?"

"तुम्ही थोडेच जाताय? अकाउंट जा रहा है. आप यहीं हैं."

आत्मा निघून जातो आणि देह इथेच राहतो, हे मी मणिकर्णिकेच्या वाटेवर पुष्कळदा ऐकलं आहे. त्यात सवलतही मिळते, हे नवीन होतं.

तो संध्याकाळी घरी आला. देश बदलायचा तर दुकानाला तिथला पत्ता हवा होता, आणि खाली एक चौकोन होता: मी या देशाचा रहिवासी आहे, इथे खूण करा. मी दोन दिवस मागून घेतले. खोटा पत्ता लिहिणं मला जमेना. शेवटी एक मध्यम मार्ग काढला. 'के. २२/७१, ब्रह्मा घाट' इथपर्यंत सगळं खरं लिहिलं आणि पुढे 'इस्तंबूल' जोडलं. म्हणजे तीन चतुर्थांश पत्ता सत्य. पिनकोड केयूरने शोधून दिला. जवळ दुसरा कागद नव्हता म्हणून भाषणाच्या पाठीमागे टिपून घेतला. राहिली ती खूण. आयुष्यात मी डोळे झाकून कुठे सही केलेली नाही. म्हणून मी आत जाऊन पळी-पंचपात्र घेऊन आलो, पाटावर बसलो, आचमन केलं आणि मग खूण केली.

केयूर बघत होता. "काका, ये भी कोई ओटीपी है क्या?"

हे आचमन पुढे मला नडणार होतं.

दुकानाने भारतातलं कार्ड घेतलं नाही. मग तुर्कस्तानी पैशांचा सांकेतिक क्रमांक इस्तंबूलच्या दुसऱ्याच एका विक्रेत्याकडून कार्डाने विकत घ्यावा लागला. तो क्रमांक सोळा अक्षरांचा होता. इंदू चष्मा लावून वाचत होती आणि मी भरत होतो. त्यात शून्य कुठलं आणि इंग्रजी ओ कुठला यावरून आमचा जो संवाद झाला तो विवाहाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी शोभेल असाच होता. तीन वेळा चुकल्यावर यंत्राने आम्हाला एक दिवस विचार करायला दिला. दुसऱ्या दिवशी इंदूने क्रमांक भरला आणि मी वाचला. लगेच लागला.

खेळ आला, तो तुर्की भाषेत. अंतराच्या फुकट तासात रस्ता इंग्रजीत सांगायचे. आता एक तुर्की बाई सांगू लागली. ती फार गोड आवाजात सांगायची, आणि मी फार आत्मविश्वासाने उलट वळायचो. पहिल्या दिवशी मी लिंबांनी भरलेला ट्रक एका पोलीस चौकीत नेला. पडद्यावर लाल अक्षरांत 'दिक्कत' असा शब्द आला. तुर्कीत त्याचा अर्थ सावधान असा आहे, पण आम्हाला तो भाषांतराशिवाय कळला.

"अहो, साआ म्हणाली की उजवीकडे," चौथ्या दिवशी इंदू स्वयंपाकघरातून म्हणाली. "सोला म्हणजे डावीकडे. चार दिवस झाले, ती बाई घसा कोरडा करते आहे."

"तू कधी शिकलीस?"

"त्यात शिकायचं काय? ती म्हणते आणि तुम्ही आपटता. ज्या बाजूला आपटत नाही ती तिची बाजू. पण एक आहे हं, तिने सांगितलं की तुम्ही निदान वळता तरी. मी चाळीस वर्षं सांगते आहे."

तरीही ते आठ दिवस सुखाचे होते. दुपारी जेवून सगळी काशी आडवी झाली की मी पाटावर बसून निघायचो. अनोळखी गावं यायची आणि जायची. मोठा पूल आला की मध्यावर थांबायचं आणि एकदा लांब भोंगा द्यायचा, हा माझा नेम झाला. तिसऱ्या दिवशी विष्णुशास्त्री दारात उभे. "मोहनराव, भर दुपारी या गल्लीत ट्रक कुठून येतो?" आमच्या गल्लीत दोन माणसं आणि एक बैल एका वेळी जाऊ शकत नाहीत, बैलाला अग्रक्रम असतो. मी म्हणालो, "भास होत असेल." शास्त्रीबुवांनी त्यानंतर दोन दुपारी गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून पहारा केला. त्यांच्या वयाच्या माणसाची झोप मोडल्याचं मला वाईट वाटलं. भोंगा मात्र मी बंद केला नाही.

मग नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्याने बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. मी रांगेत होतो. माझ्या मागे विष्णुशास्त्री होते, कारण पाठशाळेच्या पेन्शनलाही जिवंतच माणूस लागतो. खिडकीतल्या मुलीने माझा अंगठा घेतला, पडद्याकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या.

"अंकल, आपका कार्ड तो ब्लॉक है. आप इस्तांबुल कब गए थे?"

रांगेतल्या माना पुढे आल्या. बँकेच्या रांगेत माणसं स्वतःच्या कामाकडे कधीच इतकं लक्ष देत नाहीत.

"नहीं गए," मी म्हणालो.

"तो फिर वहाँ कार्ड किसने चलाया? नहीं गए तो फ़्रॉड में डालते हैं. पैसा रुकवा देंगे, जो चीज़ ली है वो भी कैंसिल हो जाएगी."

"नहीं, नहीं! चीज़ हमने ही ली है."

"मतलब आप गए थे."

"हम यहीं थे. बस... हमारा पता गया था."

तिने एक फॉर्म सरकवला. व्यवहाराच्या वेळी आपण त्या देशात होता काय? होय. नाही. 'नाही' वर खूण केली तर ट्रक जातो. 'होय' वर केली तर बारा वर्षं जातात. मी विचारलं, "इसमें तीसरा खाना नहीं है?" ती म्हणाली, "अंकल, बैंक है, थाली नहीं."

माझ्या मागून, मंत्र म्हणावा तशा सावकाश आवाजात प्रश्न आला. "मोहनराव, आपण काशी सोडलीत?"

मी फॉर्म कोरा परत केला. जिवंत असल्याचा दाखला तेवढा मिळाला. त्या दिवशी त्याचा उपयोग वाटला नाही.

संध्याकाळपर्यंत घाटावर मी तुर्कस्तानला जाऊन आल्याची बातमी होती, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत मी पुन्हा जाणार असल्याची. वरच्या मजल्यावरच्या प्रेमलामावशी डब्यात मेथीचे लाडू घेऊन आल्या. "तिकडे थंडी फार, मफलर ठेवा. आणि येताना अंजीर आणा हो, पाव किलो. जास्त नको, तुम्हाला ओझं."

"मावशी, मी कुठेही गेलेलो नाही."

"तेच म्हणते. जाण्याआधी सांगून ठेवलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक. शास्त्रीबुवांनी आधी बचावाला संधी दिली. मी सगळं खरं सांगितलं: यंत्र, ट्रक, तेराशे रुपये, पत्त्याचा तीन चतुर्थांश भाग. एकदोन माणसं हसली. एकजण म्हणाला, "यंत्रातला पत्ता तो काय पत्ता? त्याने क्षेत्र सुटत नाही." शास्त्रीबुवाही मान हलवत होते. प्रकरण तिथे मिटत होतं. पण केयूर साक्षीदार म्हणून आला होता, आणि माझी बाजू भक्कम करावी म्हणून तो उठला.

"काका किती इमानदार आहेत माहीत आहे? टिक करायच्या आधी त्यांनी आचमन केलं!"

शास्त्रीबुवांची मान थांबली.

"आचमन केलंत?"

"हो."

"पाटावर बसून?"

"हो."

"आणि मग आपण अमुक ठिकाणचा रहिवासी, असं स्थळ उच्चारलंत?"

"उच्चारलं नाही. खूण केली."

"अहो, तो संकल्प झाला!" ते म्हणाले. "रोज सकाळी आपण काय म्हणतो? जंबुद्वीपे, भरतवर्षे, आनंदवने, अविमुक्तवाराणसीक्षेत्रे, भागीरथ्याः पश्चिमे तीरे. आचमन करून माणूस जिथे आहे म्हणतो तिथे तो असतो, म्हणूनच ते कर्म लागू पडतं. नुसती खूण केली असतीत तर तो बाजार होता. आपण तो विधी केलात."

त्यांचं बरोबर होतं. खोटं बोलणारे दुसरेही असतील. ते शास्त्रोक्त बोलण्याची बुद्धी ब्रह्मा घाटाबाहेर कोणाला व्हायची नाही. तुर्कस्तान जंबुद्वीपात येतं की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली. येतं असं ठरलं, पण त्याने मला काही सूट मिळाली नाही. ठराव असा झाला: मी चार दिवसांत विधिवत परत यावं. न आल्यास सत्कार रहित, आणि बारा वर्षं पुन्हा एकपासून. माझं वय बहात्तर आहे. पुढचा सत्कार चौऱ्याऐंशीत.

घरी आल्यावर इंदू म्हणाली, "एवढंच ना? पुन्हा भारत करा. जसं गेलात तसं या."

मी यंत्र उघडलं आणि देश बदलायला गेलो. पाटी आली: देश वर्षातून एकदाच बदलता येतो. पुढील तारीख, पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर.

बारा वर्षं ज्याने घराबाहेर मुक्काम केला नाही, त्याला आता घरी यायची परवानगी नव्हती.

दुकानाला मदतीची एक खिडकी होती, तिथे टाइप करून बोलायचं. केयूरने सगळं भाषांतर केलं. पलीकडे आयलिन नावाची बाई होती. तिने मला 'प्रिय मोहन' म्हटलं, मी अडचण सांगितली, तिने दिलगिरी व्यक्त केली, नियम सांगितला आणि आणखी काही मदत करू का असं विचारलं. पस्तीस वर्षं मी हेच करत होतो. फक्त मी 'प्रिय' म्हणत नसे. तासभराने ती थोडी विरघळली. आपण खरंच भारतात परत स्थलांतर केलं असेल तर अपवाद होतो, म्हणाली. प्रवासाचा पुरावा पाठवा. मी लिहिलं, गेलोच नाही तर परतीचं तिकीट कुठून आणू? त्यावर बराच वेळ तीन टिंबं हलत राहिली. मग उत्तर आलं: तसं असेल तर आपण सलग भारतातच राहत असल्याचं पत्र, एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या शिक्क्यासह. पत्र मिळाल्यावर अठ्ठेचाळीस तासांत देश पूर्ववत होईल. तुर्कस्तानात घेतलेला खेळ काढून घेतला जाईल. पैसे परत नाहीत.

शिक्का असलेली नोंदणीकृत संस्था मला एकच ठाऊक होती. तिचा शिक्का विष्णुशास्त्र्यांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात असतो.

त्या दुपारी मी ट्रक चालवला नाही. गच्चीवर जाऊन उभा राहिलो. पलीकडे वाळू, वर रामनगर. ट्रक ठेवावा तर बारा वर्षं जातात, बारा वर्षं ठेवावीत तर ट्रक जातो. शाल आमच्याकडे कपाटात पाच आहेत. पण घाटाच्या पायऱ्या उतरताना लोक बाजूला होतात ना, ते कपाटात ठेवता येत नाही. इंदू मागून आली. "द्या पाठवून पत्र," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या बाईची मलाही सवय झाली होती."

पत्र मी स्वतः लिहिलं: श्री. मोहन घैसास हे गेली बारा वर्षं काशीबाहेर गेलेले नाहीत. ते घेऊन शास्त्रीबुवांकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मी न पाहिलेल्या गोष्टीवर सही करत नाही," ते म्हणाले. "तुम्ही कुठे जात होतात ते आधी पाहीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतःचं दर्भासन घेऊन आले. आमच्या घरचं आसन त्यांना संशयास्पद वाटत असावं. पत्र, शिक्का आणि पेन त्यांनी गुडघ्याशी मांडून ठेवलं. मी पाटावर बसलो. इंदूने त्यांना ताक दिलं. मी ट्रक काढला. त्यात अंजीर भरले होते. हा योगायोग आहे, प्रेमलामावशींना सांगू नये.

"उलट्या बाजूने चालला आहात!" शास्त्रीबुवा म्हणाले.

"तिकडे उजवीकडूनच चालवतात."

"साआ," इंदू म्हणाली. मी उजवीकडे वळलो.

शास्त्रीबुवा ताठ बसले होते, पण वळण आलं की किंचित कलत होते. घाट चढताना ताकाचं भांडं त्यांनी खाली ठेवलं. समोरून बस आली तेव्हा "हळू, हळू" म्हणाले, आणि बस गेल्यावर, "मूर्ख आहे तो." डोंगर संपला. रस्ता एका वळणाने खाली उतरला, आणि समोर सगळं निळं झालं.

"हे काय?"

"समुद्र."

मी ट्रक कडेला घेतला. शास्त्रीबुवा पुढे वाकून पडदा न्याहाळू लागले.

"पलीकडचा काठ कुठे आहे?"

"दिसत नाही."

"आपल्या इथे दिसतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी एकदा चुनारपर्यंत गेलो होतो. मुंजीच्या आधी. वडिलांबरोबर." आणि पुन्हा समोर बघू लागले.

मी भोंगा दिला. लांब, नेहमीसारखा. शास्त्रीबुवांनी गर्रकन माझ्याकडे पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी दोन दुपारी पहारा केलेल्या माणसाची ती नजर होती. मी काही खुलासा करणार, इतक्यात त्यांनी घसा खाकरला आणि ते पुन्हा न्यायाधीश झाले.

"त्या दिवशी आचमन कुठल्या पाण्याने केलंत?"

"गंगेच्याच."

"आणि हे चालवताना बसता कुठे?"

"या पाटावर."

"पाट कुठे आहे?"

"ब्रह्मा घाटावर."

"म्हणजे पाणी इथलं, पाट इथला, बसणारा इथला. पत्ताच तेवढा भटकला, तो परत आणायचा." त्यांनी निकाल दिला. "क्षेत्र सुटलेलं नाही. सत्कार होईल."

मी त्यांना वाकून नमस्कार केला. इंदूने पदराने डोळे टिपले. कांदा चिरत होती, असं नंतर म्हणाली. शास्त्रीबुवांनी पेनचं टोपण काढलं, पत्र गुडघ्यावर घेतलं आणि पेन टेकवलं. मग तसंच धरून ठेवलं.

"हे गेलं की तो ट्रक जाणार?"

"जाणार."

"लगेच?"

"अठ्ठेचाळीस तासांत."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. ट्रक समुद्राकाठी धडधडत उभा होता. त्यांनी टोपण परत लावलं, उपरणं सावरलं, इंदू रिकामं भांडं घेऊन आत गेली आहे ना ते वळून पाहिलं, आसन माझ्या पाटाजवळ सरकवलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"मोहनराव, सही मी करणारच आहे. पण त्याआधी तेवढा भोंगा एकदा मला वाजवू द्या."